चाकातला आऊट

आमची मोटार कादंबरीच्या मानधनातून घेतली, असे मी पाहुण्यांना सांगतो. खरे म्हणजे ती पतपेढीच्या कर्जातून घेतली, आणि तीही दुसऱ्याने वापरून सोडलेली. पण तिच्यावर माझा जीव आहे. म्हणूनच यंदा गणपतीत मी पुतण्याला नको ते बोलून गेलो.

त्याचे असे झाले. आई आणि मंडळी यांना घेऊन आम्ही म्हाप्रळला बहिणीकडे निघालो होतो. मंडणगड मागे टाकून शेनाळे घाट उतरू लागलो, एका वळणावर ब्रेकवर पाय ठेवला, आणि स्टेअरिंग हातात थडथडू लागले. पाय काढला की गप्प. ठेवला की पुन्हा तेच. आईने रामरक्षा सुरू केली. मुंबईहून आलेला पुतण्या मागे बसला होता. मे महिन्यात पंक्चर झालेले चाक त्यानेच बदलले होते, पान्यावर उभा राहून नट आवळले होते. मी सर्वांदेखत म्हटले, "तुझ्या धसमुसळेपणाचे फळ आहे हे!" तो काही बोलला नाही. अनंतचतुर्दशीपर्यंत राहणार होता, तो गौरी जाताच मुंबईला निघून गेला.

कादंबरीत गुन्हेगार कोण हे मी पहिल्या प्रकरणातच ठरवून टाकतो. ती खोड, दुसरे काय!

पुढे मेस्त्रींकडे गाडी नेली आणि पुतण्याची हकिकत साग्रसंगीत सांगितली. त्यांनी वैद्यासारखे प्रश्न सुरू केले.

"ब्रेक न लावता गाडी थरथरते का, गुरुजी?"

"नाही."

"मग चाकाचं बॅलन्सिंग नव्हे. थरथर हातात लागते की बुडाखाली?"

"हातात."

"म्हणजे बहुतेक पुढचे ब्रेक. मागचे असते तर बैठकीत जास्त लागली असती. पंक्चर झालेलं चाक कुठलं?"

मी तोंड उघडले आणि तसेच मिटले. चाक मागचे होते. मागचे, डावे.

मेस्त्रींनी पुढचे चाक काढले, डिस्क नटांनी पुन्हा घट्ट बसवली, तिच्यावर डायल गेजची सुई टेकवली आणि डिस्क हाताने सावकाश फिरवली. सुई मागेपुढे डुलू लागली. "आऊट आहे," ते म्हणाले. सायकलच्या दुकानात हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो; पण सायकलचा आऊट डोळ्यांना दिसतो, हा एक दशांश मिलिमीटरच्या आसपासचा! मॅट्रिकला विज्ञानात मला पडलेले गुण सांगण्याजोगे नव्हते, तरी पुढचे मला नीट समजले. डिस्क वाकली, असे लोक सर्रास म्हणतात. पण ती क्वचितच वाकते. ती किंचित तिरकी बसली की ब्रेक लावलेला नसतानाही दर फेऱ्याला पॅडला एकाच जागी घासते. हजारो किलोमीटर असे चालले की तेवढी जागा पातळ होते. मग ब्रेक दाबला की पॅड त्या जाड-पातळ पृष्ठावरून पुढेमागे ढकलला जातो, आणि तो हिसका हातापर्यंत येतो. जाडीत दोन शतांश मिलिमीटरचा फरकही त्याला पुरतो. माणसाचा केस त्याहून जाड असतो. (डिस्क ब्रेकचे पेटंट लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १९०२ साली घेतले. त्याचे तांब्याचे पॅड धुळीच्या रस्त्यांवर लवकर झिजत. त्याला धूळ नडली, आम्हाला गंज.)

कारण डिस्क उतरवली तेव्हा खालचे हब दिसले. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा म्हणा. त्यावर गंजाचे पापुद्रे होते. आमचा पाऊस आणि खाडीचा वारा लोखंडाची काय दशा करतात, ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

"डिस्क या गंजावरच बसवलीय," मेस्त्री म्हणाले. "बसवणाऱ्याला घाई असणार."

घाई बसवणाऱ्याला नव्हती. गेल्या वर्षी एका गॅरेजात डिस्क बदलल्या, तेव्हा तिथला पोरगा वायरब्रश आणायला उठला होता. "राहू दे रे, माझा पहिला तास चुकेल," असे म्हणणारा मीच.

मेस्त्रींनी हब घासून लख्ख केले. मायक्रोमीटरने डिस्कची जाडी आठ ठिकाणी मोजली, तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीशी ताडून पाहिली आणि ती लेथवर हलकेच कातून आणली. पुन्हा बसवल्यावर सुई जेमतेम हलली. नट त्यांनी समोरासमोरचे आळीपाळीने, टॉर्कच्या पान्याने आवळले. मग दापोलीच्या रस्त्यावर मोकळी जागा पाहून वेग वाढवायचा आणि ब्रेकने तो कमी करायचा, असे आठदहा वेळा करायला लावले. मात्र गाडी पूर्ण थांबवायची नाही. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून धरला तर त्याचा लेप एकाच जागी बसतो आणि थरथर पुन्हा हजर!

त्या संध्याकाळी पुतण्याला फोन केला.

"चाक मागचं होतं रे," मी म्हणालो.

"हो काका. मला माहीत होतं."

"मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

"आजी घाबरली होती. घाटात कुठे वाद घालत बसायचं?"

दिवाळीला तो येतो आहे. भाऊबीजेला म्हाप्रळला जायचे आहे. गाडी त्यानेच चालवायची, असे आईने आताच बजावून ठेवले आहे.