सतरा जणांचं पुनरागमन

१ ऑक्टोबर २०२३. ऑस्ट्रेलियातल्या नॅशनल रग्बी लीगचा अंतिम सामना, सिडनीच्या ऑलिम्पिक पार्कमधलं मैदान. गतविजेता पेनरिथ पँथर्स ब्रिस्बेन ब्रॉन्कोजविरुद्ध ८-२४ असा मागे पडला होता. उत्तरार्धात पेनरिथच्या जरोम लुआईचा खांदा पुन्हा दुखावला आणि त्याला मैदान सोडावं लागलं. जॅक कॉगर आत आला. शेवटच्या वीस मिनिटांत पेनरिथने तीन ट्राय केले, म्हणजे तीनदा समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवला, शेवटचा नेथन क्लीअरीने, आणि सामना २६-२४ असा जिंकला. सर्वोत्तम खेळाडूचं क्लाइव्ह चर्चिल पदक क्लीअरीला मिळालं, आणि ते रास्तच होतं. माझ्या पेशाच्या दृष्टीने मात्र त्या विजयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट एकच: लुआई बाहेर गेला तेव्हा कॉगर बाकावर होता.

तो तिथे असणं गृहीत धरण्यासारखं नव्हतं. ऑगस्टमध्ये लुआईचा खांदा निखळला, तेव्हा कॉगरने त्याची जागा घेतली आणि बाद फेरीतला पहिला सामनाही त्याच जागेवर खेळून जिंकून दिला. लुआई उपांत्य सामन्यात परतला. अशा वेळी तात्पुरत्या खेळाडूचं काम संपलं असं धरून त्याला दुय्यम संघात धाडण्याची पद्धत खूप ठिकाणी आहे. प्रशिक्षक आयव्हन क्लीअरी यांनी तसं केलं नाही. परतणाऱ्याला त्याची जागा दिली आणि ज्याने ती सांभाळली त्यालाही संघात ठेवलं. पश्चिम सिडनीत फिजिओ म्हणून काम करताना जखमी खेळाडूच्या परतीबद्दल मला जे पटत गेलं, ते या एका निर्णयात आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रग्बी लीग हा रग्बी युनियनपेक्षा वेगळा खेळ. मैदानावर तेरा आणि मी सांगतोय त्या हंगामांत बाकावर चार, असे सतरा जण मिळून ऐंशी मिनिटं खेळायचं. चेंडू हातात असलेल्या संघाला सहा पकडी, म्हणजे टॅकल, मिळतात. सहाव्या पकडीपर्यंत गुण झाले नाहीत तर चेंडू समोरच्यांकडे जातो, म्हणून पाचवी पकड झाली की बहुतेक वेळा चेंडू पायाने लांब मारला जातो. कबड्डी पाहत वाढलेल्या माणसाला यातली पकड लगेच कळते: घोटा धरायचा की कंबर, साथीदार कधी येणार, पाठीला माती कधी लावायची. या सगळ्याची सूत्रं सात नंबरच्या हाफबॅककडे आणि त्याच्या जोडीदार सहा नंबरकडे असतात. पकडी मोजणं, चाल ठरवणं, शेवटची किक मारणं ही कामं प्रामुख्याने या दोघांची. म्हणूनच असा खेळाडू जखमी झाला आणि त्याच्याशिवाय संघ जिंकू लागला, की त्याची परत येण्याची वेळ सर्वांत नाजूक होते.

शरीरापासून सुरुवात करू, कारण माझं काम तिथून सुरू होतं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या बर्नच्या सहमतीपत्रात खेळाडूच्या परतीच्या तीन पायऱ्या मांडल्या आहेत: सरावात परतणं, खेळात परतणं आणि आपल्या जुन्या दर्जाला परतणं. बातम्यांत दुसऱ्या पायरीचीच चर्चा होते. संघाला गरज असते तिसरीची. मांडीमागचा हॅमस्ट्रिंग स्नायू फाटला, तर दुखणं थांबल्याला आम्ही फारसं महत्त्व देत नाही. दोन्ही पायांच्या ताकदीतला फरक दहा टक्क्यांच्या आत आला का, खेळाडू त्याच्या जुन्या सर्वोच्च वेगाच्या जवळ पुन्हा पुन्हा धावू शकतो का, थकलेल्या पायांनी तेच करू शकतो का, हे पाहतो. पाठीवर दोन खांद्यांच्या मधोमध बसवलेलं जीपीएस यंत्र तो किती धावला आणि किती वेगाने धावला, दोन्ही सांगतं. नुसत्या अंतराचा आकडा फसवा असतो, कारण पाच किलोमीटर दुडक्या चालीने धावून हॅमस्ट्रिंगची परीक्षा होत नाही. हा स्नायू पुन्हा फाटण्याचा धोका परतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच सर्वाधिक असतो.

खांद्याची गोष्ट वेगळी. तिथे ताकद आधी येते आणि विश्वास नंतर. तपासणीच्या टेबलावर खांदा उत्तम असतो. पण मैदानावर शंभर किलोंचा गडी धावत येतो, तेव्हा शरीर नकळत दुखऱ्या बाजूला वाचवतं. मग दुसऱ्या खांद्याने टॅकल होतो, डोकं चुकीच्या बाजूला जातं आणि खांदा वाचवताना मेंदूला इजा होण्याची वेळ येते. त्यासाठी आम्ही पायऱ्या चढवतो: आधी गुडघ्यावर बसून उशीवर, मग उभं राहून, मग अर्ध्या वेगात साथीदारावर, आणि शेवटी पूर्ण वेगातल्या सरावात. किती टॅकल केले यापेक्षा कोणत्या खांद्याने केले याची नोंद मी जास्त काळजीपूर्वक ठेवतो.

इथपर्यंतचं काम फिजिओ, डॉक्टर आणि खेळाडू मिळून करतात. इथून पुढचं काम संघाचं आहे, आणि ते बहुतेक ठिकाणी कुणीच करत नाही. डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला, नाव संघाच्या यादीत आलं, की परत येणं पूर्ण झालं असं सगळे समजतात.

पण खेळाडू बाहेर असतो त्या काळात संघ जागच्या जागी थांबलेला नसतो. तारा खेळाडू नसताना, पकडीनंतर चेंडू पुढे देणाऱ्या हूकरने चेंडू थोडा वेगळ्या वेळी सोडायची सवय लावून घेतलेली असते. उजव्या कडेच्या फॉरवर्डने धावेची रेघ बदललेली असते. सहा नंबरवाला जास्त बोलायला लागलेला असतो. सहा पकडींत चेंडू जितक्या वेळा हाताळता येतो, त्याला मर्यादा आहे. परतलेल्याला त्यातला मोठा वाटा पुन्हा हवा असेल, तर तो कुणाच्या तरी हातातून जाणार. बचावात हे आणखी ठळक दिसतं. मैदानाच्या कडेपासून मोजलं तर विंगर, सेंटर आणि तिसरा म्हणजे हाफ अशी साखळी असते. समोरून हल्ला आला की सगळ्यांनी कडेकडे सरकायचं की पुढे घुसून अडवायचं, हा निर्णय तिघांनी एकाच क्षणी घ्यावा लागतो. ती समजूत बदली खेळाडूबरोबर आठवडे खपून तयार झालेली असते. आता तिसरा माणूस बदलला. आणि समोरच्या संघालाही ठाऊक असतं की हा नुकताच खांदा बरा होऊन आलाय, म्हणून ते आपला सर्वांत दांडगा फॉरवर्ड त्याच्यावरच सोडतात. शेजारच्या दोघांना आधीपासून त्याची तयारी नसेल, तर तिथे खिंडार पडतं.

२०२४चा पेनरिथ संघ या बाबतीत अभ्यासण्यासारखा आहे. त्या वर्षी नेथन क्लीअरीला हॅमस्ट्रिंगने दोनदा बाहेर बसवलं. दोन राज्यांमधल्या स्टेट ऑफ ओरिजिन मालिकेच्या तिन्ही सामन्यांनाही त्याला मुकावं लागलं. ऑगस्टमध्ये मेलबर्न स्टॉर्मविरुद्ध त्याच्या खांद्याला दुखापत झाली. पेनरिथमध्ये लुआईने सूत्रं हाती घेतली, ब्रॅड श्नायडरसारख्या राखीव हाफला वेळोवेळी संधी मिळाली, आणि साखळीअखेर संघ दुसरा आला. सप्टेंबरमध्ये क्लीअरी थेट बाद फेरीच्या पहिल्या सामन्यात परतला. सिडनी रूस्टर्सविरुद्ध ३०-१०, क्रोनुलाविरुद्ध २६-६ आणि ६ ऑक्टोबरच्या अंतिम सामन्यात मेलबर्नविरुद्ध १४-६. सलग चौथं विजेतेपद. खांद्यावर शस्त्रक्रिया त्याने हंगाम संपल्यावर करून घेतली. अंतिम सामन्यातलं क्लाइव्ह चर्चिल पदक त्याला मिळालं नाही, ते फॉरवर्ड लियाम मार्टिनला मिळालं. मला हीच त्या परतीच्या यशाची खूण वाटते. क्लीअरी आला तेव्हा संघाने आपला भार त्याच्या खांद्यावर टाकला नाही. त्याच्या गैरहजेरीत इतर जे उचलायला शिकले होते, ते त्यांच्याकडेच राहिलं आणि त्याचं कसब त्यात मिळालं. लुआईने पुढच्या हंगामासाठी वेस्ट्स टायगर्सशी करार आधीच केला होता. क्लबमधल्या शेवटच्या महिन्यांत हाती आलेली सूत्रं पुन्हा दुसऱ्याच्या हाती देऊन पूर्ण जोमाने खेळणं किती अवघड असेल, हे ज्यांनी संघात वर्षं घालवली आहेत त्यांना सांगावं लागणार नाही.

ताऱ्यावाचून संघ कुठवर जातो, याचं उदाहरण २०१७चं. नॉर्थ क्वीन्सलंड काउबॉइजचा जोनाथन थर्स्टन ओरिजिनच्या दुसऱ्या सामन्यात दुखऱ्या खांद्याने खेळला, विजयी किक मारली आणि त्या वर्षी पुन्हा मैदानात उतरला नाही. काउबॉइज आठव्या क्रमांकावरून बाद फेरीत आले आणि मायकल मॉर्गनच्या खेळाच्या जोरावर क्रोनुला, पॅरामॅटा आणि रूस्टर्सना हरवत अंतिम सामन्यात पोचले. तिथे मेलबर्नने त्यांना ३४-६ असं हरवलं. २०१८मध्ये थर्स्टन परतला, आणि संघ तेराव्या क्रमांकावर राहिला. त्याचा दोष एका माणसावर टाकणं अन्यायाचं होईल, कारण त्या हंगामात मॉर्गनही जखमी झाला होता. पण मोठा खेळाडू परत आला की बाकी सारं आपोआप जुळतं, हा समज मात्र त्या हंगामाने खोटा ठरवला.

या खेळात आणखी एक परंपरा आहे, आणि तिच्याबद्दल मला काळजी वाटते. १९७०च्या अंतिम सामन्यात साउथ सिडनीचा कर्णधार जॉन सॅटलर मोडलेल्या जबड्याने शेवटपर्यंत खेळला आणि जिंकला. आजही ती कथा मुलांना सांगितली जाते. २०१८मध्ये रूस्टर्सचा कूपर क्रॉन्क खांद्याच्या मोडलेल्या हाडासह अंतिम सामना खेळला आणि रूस्टर्स २१-६ असे जिंकले. धैर्याला माझा नमस्कार आहे. पण क्रॉन्कच्या सामन्यात मला वेगळी गोष्ट शिकण्यासारखी वाटते. संघाने त्याच्याकडून फार कमी मागितलं. चेंडू घेऊन धावण्याचा आणि खेळ चालवण्याचा भार ल्यूक कीअरीने उचलला आणि सामन्याचा मानकरीही तोच ठरला. क्रॉन्कने मुख्यतः जागा दाखवल्या आणि बोलत राहिला. एवढंच काम त्याला झेपणार होतं, आणि संघाने आठवडाभरात आपली रचना त्या मापाची करून घेतली. कथा सांगताना जबडा आणि हाड लक्षात राहतं, रचना विसरली जाते. पॅरामॅटा, वेस्टमीड, वेंटवर्थव्हिलच्या मराठी घरांतली मुलंही आता हा खेळ खेळू लागली आहेत. त्यांच्या पालकांना मी हेच सांगतो, की दुखणं लपवून खेळणाऱ्या मुलाची पाठ थोपटू नका.

मग काय करावं? मी ज्या क्लबांबरोबर काम करतो तिथे काही गोष्टींचा आग्रह धरतो. परतीचं काम दुखापतीच्या दिवसापासून सुरू व्हावं. जखमी खेळाडू संघाच्या प्रत्येक बैठकीला असावा, नवे संकेत आणि नव्या चाली त्यालाही त्याच दिवशी कळाव्यात. पूर्ण सरावाची वेळ आली की पहिले काही दिवस त्याने राखीव संघाकडून मुख्य संघाविरुद्ध खेळावं. त्याला खरा वेग आणि खरी टक्कर मिळते, आणि जिंकणारी घडी विस्कटत नाही. शक्य असेल तर एक सामना दुय्यम संघातून खेळावा, त्यात कमीपणा मानू नये. मुख्य संघात परतल्यावर काही सामने किकची जबाबदारी वाटून घ्यावी. पुनरागमनाचा पहिला सामना कोणता, हे प्रतिस्पर्ध्याकडे आणि तिकीटविक्रीकडे पाहून ठरवू नये.

आणि या सगळ्याच्या आधी, ज्याची जागा जाणार आहे त्याच्याशी प्रशिक्षकाने स्वतः बोलावं. यादी लागण्याआधी, समोरासमोर बसून. तू काय केलंस, संघाला त्याचं मोल काय, आणि उद्यापासून तुझं काम कोणतं, या तीन गोष्टी त्याला स्पष्ट शब्दांत सांगाव्यात. बाकीचे चौदा-पंधरा जण बोलत नाहीत, पण या माणसाला कसं वागवलं जातं हे ते बारकाईने पाहत असतात. त्यावरून ते ठरवतात, की आपल्यावर वेळ आली तर या संघासाठी अंग झोकून द्यायचं की नाही. गुडघ्याची ताकद मी मोजू शकतो. हा विश्वास कुठल्याही यंत्रावर मोजता येत नाही, पण अटीतटीच्या शेवटच्या दहा मिनिटांत तो मैदानावर दिसतो.

महाराष्ट्रातल्या तालमी, कबड्डीचे संघ, शाळा-कॉलेजांचे क्रिकेट आणि खो-खोचे संघ इथेही दर हंगामात एखादा हुकमी खेळाडू जखमी होतो आणि परत येतो. तिथल्या प्रशिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: घाई करू नका, परत येणाऱ्याला पहिल्याच दिवशी तारणहार बनवू नका, आणि त्याच्या जागी उभा राहिलेल्या मुलाला एका शब्दाशिवाय बाकावर पाठवू नका. पुढच्या दुखापतीच्या दिवशी तुम्हाला त्याच मुलाकडे जावं लागणार आहे.