सूचना आणि तिच्यामागचे कारण

२२ मार्च २०२० रोजी देशभर चौदा तासांचा जनता कर्फ्यू पाळला गेला. विषाणू जेमतेम बारा तास तगतो, म्हणून साखळी आपोआप तुटेल, असा हिशेब मांडणारे संदेश आणि व्हिडिओ घरोघरी पोहोचले. टाळ्या-थाळ्यांच्या कंपनांनी विषाणू मरतो, असाही दावा फिरला. पत्र सूचना कार्यालयाला त्याचे जाहीर खंडन करावे लागले.

दोन्ही दावे शालेय भौतिकशास्त्रापुढे आणि उपलब्ध मोजमापांपुढे टिकणारे नव्हते. विषाणूचा व्यास सुमारे १०० नॅनोमीटर. थाळीच्या नादाची तरंगलांबी त्याच्या लक्षावधी पट. एवढा सूक्ष्म कण अशा तरंगात हवेबरोबर नुसता डोलतो, फुटत नाही. प्लास्टिकवर हा विषाणू ७२ तासांपर्यंत आढळल्याचे प्रयोगही त्याच आठवड्यात प्रसिद्ध झाले होते.

अशा अफवांना उत्तर देण्यासाठी देशातील शेकडो वैज्ञानिक स्वेच्छेने एकत्र आले आणि त्यांनी अनेक भारतीय भाषांत साहित्य तयार केले. ते काम मोलाचे होते. तथापि, चूक केवळ अफवा पसरवणाऱ्यांकडूनच झाली, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड हवेतून पसरत नाही, असे ठामपणे जाहीर केले. परिणामी, असंख्य प्रबोधनपर व्हिडिओंत हात धुणे आणि अंतर राखणे यांवर भर राहिला. खिडकीचा उल्लेख क्वचितच आला. मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, भारत सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने स्पष्ट केले, की मोठे थेंब दोन मीटरच्या आत खाली पडतात, पण सूक्ष्म तुषार दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात; म्हणून घरात हवा खेळती ठेवावी.

जुने व्हिडिओ मात्र फिरतच राहिले. त्यांतील बहुतेकांवर तारीख नव्हती आणि सूचनेमागचे कारणही नव्हते.

कारण सांगायला फार वेळ लागत नाही. बंद खोलीत उदबत्ती लावली, की तिचा धूर कोपऱ्याकोपऱ्यात साचतो. समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या, की विरतो. श्वासातून बाहेर पडणारे सूक्ष्म तुषार बरेचसे असेच वागतात. हे एकदा उमगलेला विद्यार्थी वर्गात, बसमध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये काय करावे, हे स्वतःच ठरवू शकतो. प्रत्येक ठिकाणासाठी त्याला वेगळा व्हिडिओ लागत नाही. उद्या एखादी सूचना बदलली, तरी ती का बदलली, हेही त्याला कळते आणि बदल म्हणजे फसवणूक, असे त्याला वाटत नाही. पुढच्या साथीसाठी व्हिडिओ तयार करणाऱ्यांनी निदान एवढे दोन तपशील गाळू नयेत: तारीख आणि कारण.