पाटाच्या कडेने

बुरोंडीला आमच्या काकीकडे कोणी पहिल्यांदा आलं, की चहाचा कप खाली ठेवायच्या आत ती म्हणे, "चला, वाडी दाखवते." नाही म्हणायची सोय नसे. हल्ली दापोलीला फिरायला आलेली माणसं लाडघरहून पुढे येतात ती गोलार्धावर उभ्या असलेल्या परशुरामाच्या पुतळ्यासाठी. फोटो काढतात आणि कोळथऱ्याच्या रस्त्याला लागतात. माझी बुरोंडी मागीलदारापासून विहिरीपर्यंतची. ती फेरी घडवणारी बाई आता नाही.

विहीर वाडीच्या वरच्या अंगाला. तिथून निघालेला पाट माडांच्या आळ्यांतून, पोफळींच्या रांगांतून वळणं घेत खाली घरापर्यंत येतो. काकी मात्र पाण्याच्या उलट चाले. मोरीच्या सांडपाण्यावर वाढलेलं अळू आणि कर्दळ आधी, मग केळी, मग अनंत, बकुळ, सुरंगी, मग पोफळी आणि त्यांच्या अंगावर चढलेले मिरवेल, त्यांच्या सावलीत जायफळं, आणि शेवटी विहिरीकाठचा सोनटक्का. झाडाची जात ती क्वचितच सांगे. कुणाकडून आलं ते मात्र कधी चुकत नसे. अनंत आंजर्ल्याच्या वन्संनी दिलेला. बकुळ तिच्या माहेरची. सोनटक्क्याचा कंद बंदरावरच्या एका बाईने दिलेला. माडांना घालायला माशांची कुटी ती आणून देई आणि जाताना अळूची पानं घेऊन जाई. या दोघींचं येणं-जाणं घरातल्या वडीलधाऱ्यांना फारसं रुचत नव्हतं, आणि काकीने त्याची कधी पर्वा केली नाही.

दापोलीला कृषी विद्यापीठ झालं 1972 साली. काकी लग्न होऊन आली ती त्याच सुमारास. एसटीने जाऊन कापडी पिशवीतून कलमं आणायची तिची रीत शेवटपर्यंत टिकली. रातांब्याचं 'कोकण अमृता' तिने असंच आणलं. रातांब्याचं रोप बियांपासून केलं, तर ते नर निघेल की मादी हे फुलोरा येईपर्यंत कळत नाही. कलम मादी झाडाचं केलं, की तो प्रश्न उरत नाही. जायफळाचंही तसंच. पण जायफळं तिने कलमं घेऊन लावली नाहीत. ताजं बी वाळायच्या आत मातीत टाकलं आणि सात-आठ वर्षं वाट पाहिली. पहिलं फुललं ते नर. घरात सगळे म्हणाले, तोडून टाक, जागा अडवतंय. तिने तोडलं नाही. "ते नसलं तर बाकीच्यांना फळ कुठून धरायचं?" एवढंच म्हणाली. तिचं बरोबर होतं. दहा मादी झाडांमागे एक नर पुरतो, पण तो एक लागतोच.

जायफळ पिकलं की पिवळट साल मधोमध उकलते आणि आत काळ्याभोर बीवर लाल जायपत्रीची जाळी दिसते. काकी ती जाळी अंगठ्याच्या नखाने न तोडता अखंड सोडवून घेई, सुपात पसरून वाळवी, आणि सालीचं लोणचं घाली. आम्ही मुंबईकर मे महिन्यात यायचो ते हापूससाठी. माझे वडील, त्यांचे भाऊ पडवीत बसून पेट्यांची वाटणी करायचे. जायपत्री वाळवणाऱ्या बाईला कुणी कधी विचारलं नाही, तुला काय हवं. सातबाऱ्यावर तिचं नाव चढलं ते काका गेल्यावर, वारस म्हणून. तोवर त्या जमिनीत तिची पन्नासेक वर्षं गेली होती. हे मला अजून सलतं.

3 जून 2020ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं आणि मंडणगड-दापोलीच्या वाड्या आडव्या झाल्या. वीज गेली, फोन बंद. टाळेबंदीत मुंबईहून निघणंही अवघड. कित्येक दिवसांनी तिचा फोन लागला. मी घराचं विचारलं. "कौलं गेली, ती येतील," म्हणाली, आणि मग न थांबता, "चल, वाडी दाखवते."

तो फोन तासभर चालला असेल. मोरीपासून सुरुवात. अळू आहे. केळी गेल्या, त्यांचं काही नाही, पिलं फुटतील. अनंत मुळासकट पडलाय, पण फांद्या हिरव्या आहेत, लावते. बकुळीवर माड पडला. इथे ती थांबली. मला तिकडचा कोयत्याचा आवाज ऐकू येत होता, झावळ्या तोडून वाट मोकळी करत होते. मग पोफळी. पहिल्या रांगेतल्या गेल्या, दुसऱ्या रांगेतल्या गेल्या, तिसरीत दोन उभ्या आहेत. प्रत्येक पोफळीपाशी ती खरंच जाऊन उभी राहत होती, हे तिच्या धापेवरून कळत होतं. जायफळं उभी होती. मला वाटलं, चला, ती तरी वाचली. "अगो, डोक्यावरची सावलीच गेली," ती म्हणाली. "आता ऊन त्यांना पोळून काढेल."

झालं तसंच. जायफळाला वर माडापोफळीचं छत लागतं. ते एका दुपारी उडालं आणि पुढच्या उन्हाळ्यात पानं करपली, शेंडे वाळले. शासनाने पुढे झाडामागे मदत जाहीर केली, माडाला 250 रुपये, पोफळीला 50. पोफळ धरायला सहा-सात वर्षं जातात, माडाला तितकीच किंवा जास्त. बकुळीचा आणि सोनटक्क्याचा हिशेब कुठल्या कागदात बसणार होता?

काकीने त्याच पावसाळ्यात पुन्हा पोफळी घातल्या. त्या धरलेल्या बघायला ती राहिली नाही. तिच्या हातचं शेवटचं काम म्हणजे, ज्या एका जायफळाने तग धरला त्याचं बी पाटाच्या कडेने, केळीच्या आडोशाला लावलेलं.

आता वाटण्या निघाल्या आहेत. जमीन मोजून चार भाग पडतील, चिऱ्यांच्या भिंती येतील, प्रत्येक जण आपापली बोअर मारायचं म्हणतोय. माझ्या चुलतभावांना माझं सांगणं एवढंच, की विहीर आणि पाट सामायिक ठेवा. पाट भिंतीने अडवलात तर खालच्या भागाला पाणी पोचायचं नाही, आणि खालच्याच भागात ती रोपं आहेत. त्यांतलं नर कुठलं आणि मादी कुठली, ते कळायला अजून काही वर्षं लागतील.