पुंगळीची साक्ष

थ्री नॉट थ्री रायफलीचा बोल्ट शिपाई स्वतःच्या हातानं ओढतो. चेंबरमध्ये घाण असली, पुंगळी चिकटली, एक्स्ट्रॅक्टर ढिला पडला, की ते तळहाताला लगेच कळतं. एसएलआरमध्ये, म्हणजे सेल्फ लोडिंग रायफलीत, हे काम गॅस करतो. गोळी नळीतून पुढं जाताना मागच्या जळत्या वायूचा थोडा भाग बॅरलच्या भोकातून पिस्टनवर येतो, पिस्टन ब्रीच ब्लॉकच्या कॅरियरला मागं रेटतो, पुंगळी बाहेर फेकली जाते आणि मागची स्प्रिंग कॅरियरला पुढं ढकलून नवी गोळी भरते. शिपायाला फक्त ट्रिगर दाबायचा असतो. यात वेग मिळाला, पण हाताला मिळणारी खबर थांबली. पोलीस दलात आर्मोरर म्हणून मी आयुष्यभर केलं ते एवढंच: ती थांबलेली खबर दुसऱ्या वाटांनी मिळवणं.

१९६२ च्या युद्धात आपले जवान थ्री नॉट थ्री घेऊनच लढले. त्यानंतर बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ७.६२ मिलिमीटरची वन ए वन सेल्फ लोडिंग रायफल बनू लागली. तिचं मूळ बेल्जियमच्या एफएएल रायफलीत. नव्वदच्या दशकात लष्करात इन्सास रायफल येऊ लागली, पण पोलिसांच्या खांद्यावर एसएलआर पुढंही राहिली. आमच्या कोतमधल्या, म्हणजे शस्त्रागारातल्या, कित्येक रायफली त्या हाताळणाऱ्या पोरांपेक्षा वयानं मोठ्या होत्या. रायफल जुनी झाली म्हणून निकामी होत नाही. तिचा कोणता भाग किती झिजलाय याची नोंद कोणी ठेवत नसेल, तर मात्र ती भरवशाची राहत नाही.

सराव संपला की पोरं पुंगळ्या मोजून जमा करायची, कारण हिशेब द्यावा लागतो. मी मात्र त्या उचलण्याआधी मैदानावर फिरून यायचो. एका वर्षीच्या सरावात एका तुकडीच्या पुंगळ्या नेहमीपेक्षा बऱ्याच लांब जाऊन पडलेल्या दिसल्या. उचलून पाहिल्या तर कित्येकांच्या बुडाची कड एका बाजूनं ओरबाडलेली. रायफली मात्र एकदाही अडकल्या नव्हत्या, म्हणून सगळे खूश होते. मी गॅस रेग्युलेटर पाहिले. बहुतेक सगळे पार बंद करून ठेवलेले.

एसएलआरच्या रेग्युलेटरला जादा गॅस बाहेर सोडणारं भोक असतं. चकती फिरवून ते जितकं बंद करावं, तितका पिस्टनवर मार जास्त. मळलेल्या चेंबरमधून पुंगळी निघत नसेल, तरी त्या जोरानं ती खेचून काढली जाते. पोरांना वाटलं, रायफल सुधारली. प्रत्यक्षात चेंबरमधली घाण तशीच होती आणि तिची किंमत एक्स्ट्रॅक्टरची नखी, त्याची स्प्रिंग आणि कॅरियर भरत होते. प्रत्येक गोळीला कॅरियर मागं जाऊन गरजेपेक्षा जोरात आदळत होता.

आम्ही सगळ्या रायफली खोलल्या. चेंबर ब्रशनं घासून, चिंदीनं पुसून कोरडे केले. गॅस सिलिंडर आणि पिस्टनवरचा कार्बन काढला आणि तेही कोरडेच ठेवले. पिस्टनला तेल चोपडायची सवय फार जणांना असते. तिथं तेल जळतं आणि त्याचाच थर घट्ट बसतो. तेल लागतं ते कॅरियर सरकतो त्या वाटांना, ब्रीच ब्लॉकला, ट्रिगरच्या भागांना, तेही पातळ पुसलेलं. मग मैदानावर एकेका रायफलीचा गॅस नव्यानं लावला. भोक मोठं ठेवून सुरुवात करायची आणि ते खाचेखाचेनं बंद करत एकेक गोळी झाडायची. पुंगळी नीट बाहेर पडून पुढची गोळी नीट भरली जाते, तिथं थांबायचं. झाडताना साचणाऱ्या कार्बनसाठी त्यावर दोनेक खाचा द्यायच्या. बहुतेक रायफली बऱ्याच कमी गॅसवर बिनतक्रार चालल्या. तरीही ज्या अडकल्या, त्यांचा दोष मॅगझिनमध्ये निघाला. ओठ वाकलेले, स्प्रिंग बसलेली. म्हणून मी मॅगझिनवरही नंबर घालायला लावले. तेच मॅगझिन दुसऱ्या रायफलीतही अडलं, तर रायफल खोलत बसायचं कारण उरत नाही.

पुंगळी आणखी बरंच सांगते. तळाशी खडकीच्या कारखान्याचं केएफ किंवा वरणगावच्या कारखान्याचं ओएफव्ही कोरलेलं असतं. तळाच्या मधोमध, प्राइमरच्या टोपीवर फायरिंग पिनचा ठसा. ठसा उथळ असेल तर पिनचं टोक झिजलंय किंवा हॅमरची स्प्रिंग मेली आहे. टोपी भोसकली गेली असेल तर टोकाला धार आली आहे. त्या भोकातून उलटा येणारा गॅस पिनचं तोंड आणखी खातो, म्हणून अशी पिन त्याच दिवशी बदलायची.

सगळ्यात जास्त मी घाबरतो ते बुडापासून थोड्या अंतरावर पुंगळीभोवती फिरलेल्या एका चकचकीत रेघेला. एसएलआरचा ब्रीच ब्लॉक मागच्या टोकानं खाली झुकतो आणि बॉडीत बसवलेल्या लॉकिंग शोल्डरला टेकतो. गोळी सुटताना चेंबरमध्ये चौरस इंचाला ५० हजार पौंडांच्या घरातला दाब होतो आणि त्याचा रेटा ह्या दोन पृष्ठभागांवर येतो. हजारो गोळ्यांनी ते चेपत जातात, ब्लॉकच्या मागं फट वाढते आणि पितळ त्या फटीत ताणलं जातं. रेघ म्हणजे ताणून पातळ झालेली जागा. वाकवलेली बारीक तार आत घालून ओढली की तिथं खाच लागते. पुढची पायरी म्हणजे पुंगळी तिथूनच तुटणं: तळ बाहेर, धड चेंबरमध्ये. त्यावेळी सुटलेला गॅस चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर असतो.

अशी रेघ मला एका बंदोबस्ताच्या रायफलीत दिसली. ती रायफल ज्याच्याकडे होती तो पोरगा म्हणाला, "साहेब, हिचा नेम एकदम पक्का आहे, राहू द्या माझ्याकडेच." नेम खरंच पक्का होता. पण ही फट तपासायचा नो-गो गेज घालून पाहिला तर ब्लॉक सहज बंद झाला, जो व्हायला नको होता. मी तिला लाल चिठ्ठी बांधून वेगळी काढली. लॉकिंग शोल्डर वेगवेगळ्या मापांचे मिळतात, जाड मापाचा बसवून फट पुन्हा बरोबर करता येते. मात्र ते काम वर्कशॉपचं, गेज आणि प्रेस असलेल्या जागेचं. कोतमध्ये बसून कानस चालवायची नाही.

काही झीज पुंगळीवर उमटत नाही. हॅमर अडवून धरणाऱ्या सिअरची धार गोल झाली तर एका दाबात दुसरीही गोळी सुटू शकते, म्हणून ती रिकाम्या रायफलीवर तपासायची. कॉक करा, ट्रिगर दाबून तसाच धरा, कॉकिंग हँडल ओढून सोडा, मग ट्रिगर हळूच सोडा. हॅमर मागंच अडकून राहिला पाहिजे. कॅरियरबरोबर तो पुढं आला, तर ती रायफल पहाऱ्यावर जाणार नाही, तिथं अपवाद नाही.

आणि एक झीज आपणच करतो. नळी साफ करायच्या पुलथ्रूची दोरी तिरकी ओढली की नळीच्या तोंडाशी एकाच जागी घासते. दोरीला चिकटलेली बारीक वाळू पोलादाला तसंच कापते, जसा विहिरीचा काठ सोलानं कापला जातो. गोळी नळी सोडताना शेवटचा स्पर्श त्याच कडेला होतो. कड एका बाजूनं खाल्ली गेली की गोळ्या विखरू लागतात आणि दोष शिपायाच्या नेमाला दिला जातो. दोरी धुऊन वाळवा, नळीच्या रेषेत सरळ ओढा, एवढाच उपाय आहे.

स्प्रिंगांचं मी आधीच ठरवून टाकलं होतं. नवीन स्प्रिंग शेजारी उभी करायची, जुनी आखूड दिसली की बदलायची. अडकायची वाट पाहायची नाही. सगळ्या रायफलीत स्वस्तातली स्वस्त वस्तू तीच, आणि ती दमली की महागाचे भाग मार खातात.

पण हे सगळं टिकतं ते नोंदीवर. आमच्याकडे रजिस्टर होतं, त्यात रायफल कोणाला दिली, कधी परत आली एवढंच असायचं. मी त्यात प्रत्येक नंबरासमोर झाडलेल्या गोळ्या, बदललेला भाग, गॅसची खाच आणि पुंगळीवर काय दिसलं हे लिहायला सुरुवात केली. दोन-तीन सरावांनंतर ती पानं बोलू लागली. एकाच रायफलीपुढं पुन्हा पुन्हा एक्स्ट्रॅक्टर लिहिलेला दिसला की दोष एक्स्ट्रॅक्टरचा नाही, चेंबर गंजानं खडबडीत झालाय, हे कागदच दाखवायचा.

नव्यानं कोतमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे. रायफल मिळते त्या पोराला ती निवडता येत नाही. रात्री जंगलात किंवा नाक्यावर उभं राहताना तो आतल्या भागांचा विचार करत नसतो, आणि करायलाही नको. तो विचार त्याच्या वतीनं दिवसाउजेडी, गेज हातात घेऊन कोणीतरी आधीच करून ठेवलेला असला पाहिजे. ते आपलं काम आहे. पुंगळ्या मोजा, पण मोजण्याआधी एकेक उलटून बघा, आणि जे दिसेल ते त्याच दिवशी लिहा.