नोंद नाकारली

हॉफिंच हा पक्षी पाहिल्याच्या माझ्या नोंदीला नोंदी तपासणाऱ्याचं उत्तर आलं: फोटो नाही, वर्णन अपुरं, पक्षी बहुधा ग्रीनफिंच असावा. सबब नोंद अमान्य. ग्रीनफिंच! तो तर आमच्या परसात रोज येतो.

ब्रिटनमध्ये हॉफिंचच्या मागे हिंडणाऱ्यांना हे किती झोंबतं ते कळेल. डीनचं जंगल, वाय नदीचं खोरं, न्यू फॉरेस्ट, उत्तर वेल्समधली काही रानं. मुख्यतः एवढीच ठिकाणं त्याला उरलीत. 1968-72च्या पक्षी-सर्वेक्षणानंतर चाळीस वर्षांत त्याचा विणीचा टापू जवळजवळ तीन चतुर्थांश आटला.

मला दिसला तो यांपैकी कुठेच नाही. 2016च्या डिसेंबरात, आमच्या गावच्या चर्चच्या आवारात, यूच्या झाडाखाली तो बिया वेचत होता. चोचीत बी धरून जबडा किंचित सरकवायचा की कट्! मला तो आवाज स्पष्ट ऐकू येत होता. चेरीची कोय फोडायला 27 ते 43 किलोंचा भार लागतो. जेमतेम पन्नास-पंचावन्न ग्रॅमचा हा जीव ती सहज फोडतो. करडी मान, चोचीखाली काळा डाग, पंखावर रुंद पांढरा पट्टा, आखूड शेपटीचं टोकही पांढरं. ग्रीनफिंचच्या पंखावर पिवळं असतं, पांढरं नाही. हे सगळं मी लिहून पाठवलं होतं. पुन्हा पाठवलं. उत्तर तेच.

पुढच्याच हिवाळ्यात युरोपातून हॉफिंचचे थवे ब्रिटनभर उतरले. मग आमच्याकडे ज्याच्या-त्याच्या नोंदी बिनबोभाट मान्य झाल्या. माझी मात्र तशीच राहिली. याचा राग अजून गेलेला नाही.

आणि तरीही, नोंदी तपासणाऱ्याच्या जागी मी असते तर? ऐकीव ठिपक्यांनी नोंदींचा नकाशा भरला असता, तर हा पक्षी आटतोय हे कळलंच नसतं. 2009 साली तो ब्रिटनमधल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेला, तो अशाच काटेकोरपणामुळे. हेही मला पटतं.

पण नोंद नाही म्हणजे पक्षी नाही, असं नाही. हा पक्षी शेंड्यावर गप्प बसतो, पालवी फुटली की दिसेनासा होतो. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्येच जा, भल्या सकाळी. यू नाहीतर हॉर्नबीमच्या झाडाजवळ उभे राहा आणि ‘त्सिक्’ अशा तुटक आवाजाकडे कान ठेवा. दिसला नाही तरी तारीख-वेळ लिहून कळवा. नकाशातल्या रिकाम्या चौकोनात पक्षी नव्हता की कुणी फिरकलंच नव्हतं, हे त्याशिवाय कळायचं कसं?