नावाची वाटणी

व्यापारी घराच्या वाटण्या होतात तेव्हा दुकाने, गोदामे, येणी-देणी, तिजोरीतील चांदीची भांडी यांचे दोन भाग करता येतात. आजोबांच्या नावाचे मात्र करता येत नाहीत. लातूरच्या डाळीच्या बाजारातील एका कुटुंबास हे विभक्त झाल्यानंतर बारा वर्षांनी उमगले.

थोरल्या बंधूंनी पुण्यास जाऊन आजोबांच्या नावाने प्रायव्हेट लिमिटेड कंपनी नोंदविली होती. धाकट्यांची लातूरची पेढी भागीदारीतच राहिली. तिच्या पाटीवरही तेच नाव होते आणि त्यास कोणाची हरकत नव्हती. पुढे धाकट्यांच्या मुलाने डाळमिल वाढविण्याचे योजिले आणि कंपनी स्थापन करण्याचे ठरले. नावाविषयी घरात चर्चा झाली नाही. ते ठरलेलेच होते.

अडचण सी.ए.नी सांगितली. 2013 च्या कंपनी कायद्यातील कलम 4 प्रमाणे नवे नाव अस्तित्वातील कंपनीच्या नावासारखे किंवा त्याच्याशी फार मिळतेजुळते असता कामा नये. मुलाने पर्याय सुचविले: पुढे 'लातूर' जोडावे, अनेकवचन करावे, शब्दांचा क्रम फिरवावा, एखादे अक्षर बदलावे, भाषांतर करावे. कंपनी नोंदणीच्या 2014 च्या नियमांनी या पळवाटा ओळखून ठेवल्या आहेत. नावांची तुलना करताना असे फरक जमेसच धरले जात नाहीत. चुकून मंजुरी मिळालीच, तरी कलम 16 खाली नाव बदलण्याचा आदेश येऊ शकतो.

मार्ग एकच उरला: जुन्या कंपनीच्या संचालक मंडळाने ना-हरकतीचा ठराव द्यावा. म्हणजे दादांच्या दारी जाणे आले. बारा वर्षांत लग्नपत्रिकांपलीकडे येणेजाणे नव्हते.

"बाबा, आपण नवे नाव घेऊ," मुलगा म्हणाला.

"नवे नाव घेता येईल. पण आजवर ज्यांनी शब्दावर उधार माल दिला, ते विचारतील, हे कोण?"

वडील एकटेच पुण्यास गेले. दादांनी सारे ऐकून घेतले. जुन्या वाटणीचा विषय त्यांनी काढला नाही, व्यवहाराचेच विचारले. "तुझा माल खराब निघाला, तर गिऱ्हाईक माझ्याकडे येईल. तेव्हा मी काय सांगू?"

या प्रश्नाचा धाकट्यांस राग आला नाही. कायद्याचा नियमही याच कारणासाठी होता. एकाची पत पाहून गिऱ्हाइकाने दुसऱ्याशी व्यवहार करू नये, एवढाच त्याचा हेतू. नावात 'लातूर' असावे, पोत्यांवरील छाप निराळा असावा आणि तक्रार आल्यास लातूरने ती स्वखर्चाने मिटवावी, असे दोघांत ठरले. आठवड्याने ठराव आला.

नाव मंजूर झाले की ते 20 दिवस राखून ठेवले जाते. तेवढ्या अवधीत कागदपत्रे सादर झाली. कलम 12 प्रमाणे कार्यालयाबाहेर नावाची पाटी लावावी लागते, आणि ती अन्य लिपीत असेल तर स्थानिक भाषेतही. धाकट्यांनी मराठी पाटी वर लावली.

मुलगा तेव्हा मर्यादित जबाबदारीचे फायदे मोजत होता. वडिलांनी त्याला एवढेच सांगितले, "कंपनीची देणी भांडवलापुरती मर्यादित राहतील. नावाची देणी तशी नसतात. ती आता दोन्ही घरांची आहेत."