फ्रेझर आणि मराठे

चाकण-भोसरीकडच्या कारखान्यांसाठी मशीनची मॅन्युअलं मराठीत आणायची, हा माझा पोटापाण्याचा उद्योग. तो एकट्यानं होत नाही. शेजारी मेंटेनन्सचा जाणता माणूस बसवावा लागतो. ‘साहेब, हे वाचून ऑपरेटरनं आधी कशाला हात लावायचा?’ एवढंच तो विचारतो आणि माझं घोटीव वाक्य जागच्या जागी कोसळतं.

म्हणूनच जे. नेल्सन फ्रेझर मला बिरादरीतला वाटतो. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यातला हा ब्रिटिश माणूस. तुकोबांचे साडेतीन हजारांहून अधिक अभंग त्यानं इंग्रजीत नेले. १९०९ ते १९१५ या काळात ते तीन खंडांत मद्रासहून निघाले. देहू आमच्या तळवड्याला लागून, पण इथं फ्रेझरचं नाव कुणाच्या तोंडी नाही. खंडांवर त्याच्या जोडीनं के. बी. मराठे हेही नाव छापलं आहे. ते तर त्याहूनही जास्त विस्मरणात गेलेलं.

दोघांनी अभंग सरळ गद्यात मांडले. सहा-सहा-सहा-चार अक्षरांची चाल गेली, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक गेलं, टाळाला जागाच उरली नाही. पानंच्या पानं कोरडी लागतात, हे खरंच आहे. दिलीप चित्र्यांचं १९९१चं ‘सेज तुका’ वाचून इकडे वळलं तर फारच. पण चित्रे कवी. मनात भिनतील ते अभंग ते निवडू शकत होते. या दोघांनी गाथेचा बहुतेक भाग अंगावर घेतला होता: विठ्ठलाशी भांडण, ढोंग्यांवर आसूड, तीच तळमळ पुन्हा पुन्हा. दर अभंगात यमकापायी अर्थ जरासा सरकवला असता, तरी तीन खंडांच्या शेवटी तुकोबा कुठे आणि आपण कुठे! (सूचनापत्रकात असं सरकणं बोटावर बेततं.) गद्याचा निर्णय मला तरी धीराचा वाटतो; तो घेताना आपण कवी म्हणून मिरवणार नाही, हे आधीच कबूल करावं लागतं.

मॅन्युअलच्या शेवटी मी ‘भाषांतर’ आणि ‘पडताळणी’ असे दोन रकाने ठेवतो. दुसऱ्यात शॉपफ्लोअरवरच्या माणसाचं नाव येतं. एखादी कंपनी तो रकाना काढायला सांगते. मी काढतो, पण पानामागचा दर वाढवून.